एकाच पीसीला दोन आजार: आपोआप बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मित्राच्या घरचा पीसी. साधारण पाच वर्षांचा, असेंबल केलेला, सहा कोरचा प्रोसेसर, सुरुवातीला १६ जीबी रॅम होती (८ च्या दोन स्टिक), ५०० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय). मशीन दोघं वापरतात. दिवसा मित्राचे बाबा, त्यांचं टायपिंग, मेल, हिशोबाच्या शीट वगैरे. संध्याकाळनंतर मित्र, व्हिडिओ एडिटिंग आणि गेम. गेल्या वर्षभरात त्याने मशीनमधे दोन बदल केले, आधी ८-८ च्या अजून दोन रॅम स्टिक टाकून ३२ जीबी केलं, आणि मग काही महिन्यांनी जुनं ग्राफिक्स कार्ड काढून नवीन जोरदार कार्ड बसवलं, दोन ८ पिनची पॉवर लागणारं.

हे दोन बदल मला पहिल्या दिवशी कळले नाहीत हे आत्ताच सांगून टाकतो. मी विचारलं "काही नवीन बसवलंस का", तो म्हणाला "हल्लीत काही नाही". त्याच्या हिशोबाने वर्ष म्हणजे हल्ली नाही!

काय होत होतं

तक्रार एका वाक्याची होती, "पीसी अचानक बंद पडतो, कधीही". बाबांची तक्रार त्याहून छोटी, "गेला परत". कधी गेला, काय करताना गेला, परत कसा आला, काहीच नाही. मी पण तेव्हा खोलात विचारलं नाही, कारण "अचानक बंद पडतो" ऐकलं की आपल्या डोक्यात पण लगेच एक उत्तर तयार होतं, माझ्या डोक्यात गरम होत असणार हे आलं.

या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो या "अचानक" शब्दानेच. खरं तर दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी होत होत्या. कधी मशीन स्वतःहून रीस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर येऊन थांबायचं, आणि कधी ठार मरायचं, फॅन बंद, लाईट बंद, समोरचं बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. घरच्यांच्या लेखी दोन्हीचं नाव एकच, "बंद पडला".

मी येण्याआधी काय काय झालं होतं

मित्राने आपल्या परीने बरंच केलं होतं. कॅबिनेट उघडून धूळ काढली, प्रोसेसरचा हीटसिंक काढून थर्मल पेस्ट नवीन लावली. लोडवर तापमान ८८ वरून ७१ अंशावर आलं आणि पुढचे चार दिवस मशीन एकदाही पडलं नाही. सगळे खूश. पाचव्या दिवशी परत पडलं. नंतर कळलं की त्या चार दिवसात कामाच्या गडबडीत त्याने गेमच उघडला नव्हता, आणि बाबा दोन दिवस घरी नव्हते. म्हणजे मशीन बरं झालं नव्हतं, त्याला कुणी त्रासच दिला नव्हता.

मग त्याने विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट लावली, ती पास झाली, म्हणून रॅम यादीतून बाद. आणि मग वैतागून फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं. इथे सगळ्यात मोठं नुकसान झालं. विंडोज प्रत्येक पडझडीची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमधे ठेवतं, ब्लू स्क्रीन आली असेल तर मिनीडंप फोल्डरमधे छोटी फाईल टाकतं, हे सगळं महिनाभराचं साठलेलं होतं आणि फॉरमॅटमधे एका झटक्यात गेलं. फॉरमॅटनंतर तिसऱ्या दिवशी मशीन परत पडलं तेव्हा त्याने मला फोन केला.

समोर कोणते पर्याय होते

माझ्यासमोर तीन रस्ते होते. पहिला, एकेक पार्ट बदलत जायचं, सुटेल तेव्हा सुटेल. बरेच जण हेच करतात, पण दर तीन-चार दिवसांनी पडणाऱ्या मशीनवर हे फसवं असतं, कारण पार्ट बदलल्यावर चार दिवस शांत गेले तर तो पार्टमुळे की नशिबाने हे कळायला मार्ग नाही, थर्मल पेस्टच्या वेळी नेमकं तेच झालं होतं. दुसरा, सरळ स्ट्रेस टेस्ट लावून मशीनला पाडायचं. तिसरा, काहीही न बदलता थोडे दिवस फक्त नोंदी ठेवायच्या.

तिसरा रस्ता कुणालाच आवडला नाही. मित्र म्हणाला, "अरे मी तुला दुरुस्त करायला बोलावलं, डायरी लिहायला नाही". पण मी अडून बसलो. एकच सेटिंग बदललं, सिस्टिम प्रॉपर्टीजमधे स्टार्टअप अँड रिकव्हरीमधली आपोआप रीस्टार्ट व्हायची टिक काढली, म्हणजे ब्लू स्क्रीन आली तर ती स्क्रीनवर थांबून राहील, पळून जाणार नाही. आणि कीबोर्डशेजारी एक वही ठेवली. वहीत फक्त चार गोष्टी: वेळ, काय चालू होतं, स्क्रीनवर काय दिसलं, आणि परत चालू करायला काय करावं लागलं. चौथा रकाना मी असाच घातला होता, शेवटी तोच कामाला आला.

वही आणि लॉग शेजारी ठेवल्यावर

१४ दिवसात वहीत ११ नोंदी झाल्या (९ बाबांच्या अक्षरात, वेळ मिनिटासकट, मित्राच्या २ आणि त्यातली एक नुसती "रात्री"). त्या घेऊन मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला.

इथे एक-दोन गोष्टी माहिती नसतील तर घोळ होतो. मशीन धडपणे बंद न होता गेलं की पुढच्या वेळी चालू होताना विंडोज कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद करतं. ही नोंद बघून लोक "पॉवरचा प्रॉब्लेम" असा निकाल लावतात कारण नावातच पॉवर आहे. पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट शटडाऊन झालं नाही. शिवाय त्यावरची वेळ पडण्याची नसते, परत चालू झाल्याची असते, पडण्याची वेळ ६००८ नंबरच्या नोंदीत लिहिलेली सापडते. खरा माल ४१ च्या डिटेल्स टॅबमधे असतो, तिथे बगचेक कोड म्हणून एक आकडा असतो. तो शून्य असेल तर विंडोजला मरताना काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज गेली, सप्लाय ट्रिप झाला (त्याने स्वतःच वीज तोडली) किंवा मशीन ठार गोठलं. शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन आली होती आणि तो तिचा नंबर, फक्त दशमान पद्धतीत लिहिलेला, तो हेक्समधे (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) करून घ्यायचा.

११ नोंदींचं असं झालं. २ तर पडझड नव्हत्याच, त्यांच्या जागी १०७४ नंबरची नोंद होती, म्हणजे विंडोज अपडेटने रात्री रीतसर रीस्टार्ट केलेलं. एका नोंदीत पॉवर बटण टाईमस्टँपमधे आकडा होता, म्हणजे कुणीतरी बटण दाबून धरून मशीन बंद केलं होतं. विचारल्यावर बाबा म्हणाले, "हो, शीट हँग झाली होती, मग मीच बंद केला".

राहिल्या ८. त्यातल्या ५ मधे बगचेक कोड होता, तीनदा २६, एकदा ८०, एकदा ५९. हेक्समधे १ए, ५०, ३बी. आणि ३ नोंदींमधे शून्य.

आता वहीचा चौथा रकाना बघा. त्या पाचही वेळी "निळी स्क्रीन, मग रीस्टार्ट केला, चालू झाला". आणि शून्यवाल्या तिन्ही वेळी जवळजवळ तेच वाक्य, "बटणाने चालू होत नाही, मागचा स्विच बंद करून परत चालू केला मग झाला". हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. एसएमपीएस स्वतःला वाचवायला म्हणून ट्रिप होतो तेव्हा बऱ्याच मॉडेलमधे तो लॅच होतो, म्हणजे मागची मेन सप्लाय काही सेकंद तोडल्याशिवाय तो समोरच्या बटणाला दाद देत नाही. रॅम, विंडोज, ड्रायव्हर यांच्यामुळे असं होत नाही.

म्हणजे आजार एक नव्हताच.

पहिला आजार: निळ्या स्क्रीन

पाच क्रॅश आणि तीन वेगवेगळे कोड. ड्रायव्हर बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच तोच कोड किंवा त्याच ड्रायव्हरचं नाव परत परत येतं. कोड असे इकडेतिकडे उड्या मारत असतील, आणि त्यात २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट आणि ८० म्हणजे मेमरीतल्या नसलेल्या पानाला हात लावल्याचा कोड असेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यायचा. तेव्हा मी परत विचारलं, आणि "हल्लीत काही नाही" मधून दोन जास्तीच्या स्टिक आणि नवं कार्ड बाहेर आलं.

विंडोजची टेस्ट पास झाली होती त्यावर मी विश्वास ठेवला नाही, एका फेरीत ती बरंच सोडून देते. पेनड्राईव्हवर मेमटेस्ट८६प्लस (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) टाकून रात्रभर लावलं. चारही स्टिक, एक्सएमपी (रॅमचा कंपनीने ठरवलेला जास्तीचा वेग लावणारं सेटिंग) चालू, ३२०० स्पीड: दुसऱ्या पासमधे, म्हणजे दुसऱ्या फेरीत, लाल एरर. मग फक्त जुन्या दोन: चार पास स्वच्छ. फक्त नवीन दोन: स्वच्छ! म्हणजे कुठलीच स्टिक खराब नाही, चौघी एकत्र आल्या की बिघडतं. वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन सेट, आतल्या चिप वेगळ्या, आणि चारही स्लॉट भरले की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर ताण वाढतो. एक्सएमपीचा आकडा कंपनीने त्या एका सेटसाठी दिलेला असतो, असे दोन सेट एकत्र नांदतील याची हमी त्यात नसते.

इथे निर्णयाचा प्रश्न होता, १६ जीबीवर परत जायचं आणि वेग ठेवायचा की ३२ ठेवून वेग सोडायचा. मित्राला एडिटिंगला ३२ हवीच होती. २९३३ वर लावून बघितलं, पहाटे एक एरर आला. २६६६ वर दोन रात्री स्वच्छ. तेच ठेवलं.

दुसरा आजार: ठार मरणं

रॅमचं आधी केलं कारण त्यात नवीन काही आणायचं नव्हतं. पण मुद्दा हा, की रॅम ठीक केल्यानंतरच्या आठवड्यात मशीन अजून दोनदा ठार मेलं. आम्ही जर वहीतले दोन ढीग वेगळे केले नसते तर इथे सरळ म्हटलं असतं की "रॅमचं करून काही उपयोग झाला नाही", आणि एक्सएमपी परत चालू करून टाकलं असतं. मित्र खरंच तसं म्हणाला पण. मी त्याला आठवडाभरातल्या निळ्या स्क्रीन मोजायला लावल्या. एकही नव्हती.

आता ठार मरण्याचे संशयित: तापमान, भिंतीचा सॉकेट आणि यूपीएस, समोरचं अडकणारं बटण, एसएमपीएस, आणि सगळ्यात शेवटी मदरबोर्ड, कारण त्याचा विचारच नकोसा वाटतो.

एचडब्ल्यूइन्फो या तापमान वगैरे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला दर दोन सेकंदाला फाईलमधे नोंद करायला लावलं. पुढच्या वेळी पडलं तेव्हा फाईलची शेवटची ओळ प्रोसेसर ६८ आणि ग्राफिक्स ७२ अंश. गरम होऊन बंद पडणारं मशीन चढत जातं, वेग कमी करून धडपडतं आणि मग जातं, इथे तसलं काही नाही, सपाट रेषा आणि एकदम संपली. यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीला लावलं, तरी गेलं. बटणासाठी एक जुनी युक्ती: मदरबोर्डवरून पॉवर बटणाची वायर काढली आणि त्या पिनांवर रीसेट बटणाची वायर लावली, म्हणजे मशीन रीसेटच्या बटणाने चालू करायचं आणि मूळ बटण हिशोबातूनच बाहेर. तरी गेलं.

मग एसएमपीएस. आणि इथे मीच दोनदा फसलो.

पहिल्यांदा बेरजेने. कार्ड २२० वॉट, प्रोसेसर जोरात असताना ९० च्या आसपास, बाकी सगळं मिळून ६० धरा, झाले ३७०. सप्लाय ५०० चा. म्हटलं भरपूर आहे. दुसऱ्यांदा मल्टिमीटरने. एटीएक्सच्या (पीसीच्या सप्लायचं स्टँडर्ड) नियमात १२ व्होल्टची लाईन ५ टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. आयडलला (काही चालू नसताना) १२.१ आलं, गेम चालू असताना ११.८. पास. त्यात फरमार्क (ग्राफिक्स कार्डाची स्ट्रेस टेस्ट) ४० मिनिटं चालवला, प्राईम९५ (प्रोसेसरची) तासभर, काही नाही. मी जवळजवळ मदरबोर्डवर यायच्या बेतात होतो.

सुटलं ते परत वहीमुळे. मित्राच्या नोंदींमधे "लोडिंग संपून गेम चालू होताना" हे दोनदा होतं. फरमार्क कार्डला एकसारखा ताण देतो, गेम तसा देत नाही, लोडिंगमधे कार्ड आळसावलेलं असतं आणि पुढच्या क्षणी पूर्ण जोरात धावतं. त्या क्षणी आजची कार्डं मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी आपल्या लिहिलेल्या वॉटेजच्या दुप्पटीच्या आसपास उडी मारू शकतात. २२० चे ४४० धरा, बाकीचे १५० मिळवा, ५०० चा सप्लाय गेला की वर. मल्टिमीटरला ही उडी दिसतच नाही, तो सरासरी दाखवणारा संथ प्राणी आहे, पण एसएमपीएसमधल्या प्रोटेक्शन सर्किटला दिसते आणि ते लॅच मारतं. ह्या उड्या एवढ्या नेहमीच्या झाल्या की २०२२ मधे आलेल्या एटीएक्स ३.० मधे मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदासाठी दुप्पट भार सोसला पाहिजे असा नियमच आला. हा सप्लाय त्याच्या आधीचा.

नवीन काही विकत घेण्याआधी एक फुकटची परीक्षा होती. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममधे कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली. सहा दिवस, रोज गेम, एकदाही पडलं नाही. मग मुद्दाम परत १०० केली. दुसऱ्याच संध्याकाळी ठार. हा उलटा प्रयोग करायचा मित्राला भलताच कंटाळा आला होता, "चालतंय ना, राहू दे की", पण थर्मल पेस्टचे चार दिवस माझ्या लक्षात होते.

त्यानंतर ओळखीच्याकडून ७५० वॉटचा एसएमपीएस उसना आणला. इथे एक मोठा अपघात थोडक्यात हुकला. दोन्ही सप्लाय मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारे, आणि मित्र म्हणाला "केबल आहेत तशाच राहू दे, नुसता डबा बदल", त्या नीट बांधलेल्या होत्या ना. हे कधीही करायचं नाही. पार्टच्या बाजूची पिन सगळीकडे सारखी असते पण डब्याच्या बाजूची रचना प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते, कनेक्टर बसतो सुद्धा नीट, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्डडिस्क जळते. सगळ्या केबल काढल्या, उसन्या डब्याच्याच लावल्या. त्या नादात दिसलं की जुन्या सप्लायच्या एकाच केबलच्या दोन तोंडातून कार्डाचे दोन्ही ८ पिन भरले होते. आता दोन वेगळ्या केबल लावल्या.

काय निकाल लागला

उसन्या सप्लायवर, पॉवर लिमिट १०० वर, तीन आठवडे. ठार मरणं शून्य, निळी स्क्रीन शून्य. मग मित्राने स्वतःचा ७५० वॉटचा घेतला आणि उसना परत केला. जुना डबा उघडून बघू म्हणत होता, त्याला हात लावू दिला नाही, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरून ठेवतात.

परत करायचं झालं तर

फॉरमॅट तर नाहीच. निदान आधी इव्हेंट लॉग आणि मिनीडंप कॉपी करून घेतले असते तर वहीचे १४ दिवस वाचले असते.

माझी चूक त्याहून मोठी आहे. "परत चालू करायला काय करावं लागतं?" हा प्रश्न मी पहिल्या फोनवर विचारला असता तर बाबांनी तेव्हाच मागच्या स्विचचं सांगितलं असतं, त्यांना ते महिनाभर माहिती होतं, कुणी विचारलंच नव्हतं. उसना सप्लाय पण मी उगाच लांबवला, केबल काढा-घालायचा कंटाळा म्हणून, आणि त्या कंटाळ्याला मी मल्टिमीटर आणि बेरीज असं शास्त्रीय नाव दिलं.

आणि एक प्रयोग राहूनच गेला. जुन्या डब्यावर दोन वेगळ्या केबल लावून बघायला हव्या होत्या, किंवा जुनं कार्ड परत लावून. आता डबा पाच वर्षात थकला होता, की पहिल्यापासूनच या कार्डाला कमी होता, की नुसत्या केबलचा दोष होता, हे कळणार नाही. केबल आणि डबा दोन्ही एकदम बदलले ना आम्ही.

वही अजून कीबोर्डशेजारी आहे. मागच्या आठवड्यात बाबांचा फोन आला, "गेला परत, रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी". लॉग बघितला, १०७४, अपडेट. अॅक्टिव्ह अवर्स (ज्या वेळात अपडेट रीस्टार्ट करत नाही ते तास) सेट करून दिले, पण ते जास्तीत जास्त १८ तासच लावता येतात, त्यामुळे रात्रीचे सहा तास अपडेटला मोकळेच आहेत. बाबांना तसं सांगितलं. त्यांनी त्या नोंदीपुढे "अपडेट" लिहिलं आणि खाली रेघ मारली.